वासी उत्तरायण

संक्रांत आदल्या दिवशी झाली होती.
दुसरा दिवस वासी उत्तरायण, म्हणजे शिळी,
पण बडोद्यात शिळ्यालाच चव जास्त.
कालचा उंधियू गरम करून
सगळा दांडिया बाजार पुन्हा गच्च्यांवर,
स्पीकरवर स्पीकर, काप्यो छे, लपेट लपेट,
आणि मी वाळत घातलेल्या आवळासुपारीवर
वरच्या मजल्यावरच्या जैमिनचे पाय.

तीनदा सांगितलं होतं.
चौथ्यांदा माझ्या तोंडून जे गेलं
ते शब्दाला शब्द आठवतंय,
पण सांगणार नाही. अजून नाही.

सयाजीच्या कॅज्युअल्टीत
मांज्यानं गळे चिरलेली माणसं ओळीनं बसलेली,
कुणाचा मफलर लाल, कुणाच्या हातात अजून फिरकी.
मला मात्र रांग नव्हती.
कागदावरची रेघ बघून पोरसवदा डॉक्टर धावला,
सुनेला म्हणाला, अटॅक आहे, मोठा आहे, इथं सही करा.

मनगटातून तार घातली.
पडद्यावर माझ्या शिरा दिसल्या,
नुकत्याच उपसलेल्या गटारांसारख्या मोकळ्या.
कुठं गाठ नाही, कुठं गाळ नाही.
मोठे डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले,
अटॅक नाही हा. अटॅकची नक्कल.
हृदयाचं टोक धक्क्यानं लुळं पडून फुगलंय,
गळा तेवढा आवळतोय, एकटाच, जीव तोडून.
जपानात म्हणे असं मडकं असतं,
तोंड अरुंद, पोट गोल.
समुद्रात सोडतात, ऑक्टोपस आत शिरतो
आणि मग त्याला बाहेर यायचं सुचत नाही.
त्या मडक्याचंच नाव या दुखण्याला.

मी ऑक्टोपस पाहिलेला नाही.
आमच्या विश्वामित्रीत मगरी.

काही धक्का बसला का, मावशी? कुणी गेलं?
भांडण? पैसे?
मी म्हटलं, छे.

मालूवन्सं खुर्चीतूनच म्हणाल्या,
म्हणजे खरा नव्हताच तर!
आणि डबा उघडून वॉर्डात तिळाच्या वड्या वाटल्या.
खरा नव्हता.
मग छातीवर पाटा-वरवंट्यासकट जे बसलं होतं
ते काय, सोंग?
सोंगाला एवढा घाम येतो
की पोलकं पिळून घ्यावं?

रात्री दिवे मंद झाले,
शेजारच्या खाटेवरचे काका झोपेत दोर ढिला सोडत होते,
तेव्हा मी त्या मडक्यात हात घातला.
आत तेच होतं:

पड एकदाचा, म्हणजे कळेल.

चार शब्द.
चौथा अजून ओठावर होता
आणि तो कठड्यावरून गेला,
मागं मागं सरकत, तोंड आभाळाकडे,
जणू मोठ्या माणसांचं ऐकायचं असतं म्हणून.
पत्रा वाजला.
मी वाकून बघेपर्यंत
पार्किंगच्या पत्र्यावर तो उभासुद्धा राहिला होता,
एका हातानं चड्डी झटकत, दुसऱ्या हातात दोर,
नथी कपायो! नथी कपायो! ओरडत.
गच्च्यागच्च्यांवरून टाळ्या पडल्या.
मी बसले. सुपारीवरच.

तिसऱ्या दिवशी तो भेटायला आला,
कोपराला पट्टी, हातात अर्धी खाल्लेली चिक्की.
मासी, तमे केम पडी गया?
पाय सरकला रे.
मारो पण, म्हणाला,
आणि खाटेचा दांडा फिरवून
मला वर-खाली करत बसला.
सिस्टरनं हाकलेपर्यंत मी काही बोलले नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा ती गार जेली.
पडद्यावर टोक हलत होतं,
चिंधी पिळल्यासारखं, नीट, पहिल्यासारखं.
नॉर्मल, असं लिहून डॉक्टरांनी पेन मिटलं.
मग सहज विचारल्यागत विचारलं,
आता तरी सांगा, त्या दिवशी झालं काय होतं?

मी पदरानं जेली पुसली.
सुनेला म्हटलं, मृदुला,
तू जरा बाहेर थांब.